ठरल्यापेक्षा नव्वद जास्त

काकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, रास विचारली. मस्कतजवळ रुसैलला आमच्या कारखान्यात मी पर्चेस डिपार्टमेंटला नव्याने रुजू झाले होते, बॅग अजून खांद्यावरच होती, आणि क्वालिटी कंट्रोलच्या दारातून एक उंच, किंचित वाकलेला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "मराठी ना? रास कोणती?" मी सिंह सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला. "पर्चेसला सिंह. बरं. निभावून नेऊ," म्हणाले आणि आत निघून गेले. माझं नाव त्यांना तीन आठवड्यांनी कळलं, तेही गेटपासवरून.

आमची घरं अल खुवैरला, दोन इमारतींच्या अंतरावर. म्हणून मी त्यांच्या गाडीतून जायला लागले. ऑफिसात ते सर, गाडीत काका. ऐंशीच्या रस्त्यावर काका अठ्ठ्याहत्तरने चालवायचे, कारण गाडीच्या काट्यालाही दोनाचा टॉलरन्स असतो. मागचे हॉर्न मारून पुढे जायचे आणि काका शांतपणे त्यांच्या राशी ओळखायचे. "मेष. शंभर टक्के मेष." मंगळवारी मात्र मला मागे बसावं लागे. सिंह राशीच्या माणसाने मंगळवारी चालकाच्या उजव्या हाताला बसू नये, असं त्यांचं म्हणणं. हे कुठल्या पोथीत आहे विचारलं तर म्हणाले, "पोथीत नाही, अनुभवात आहे." त्यामुळे दर मंगळवारी मी मागच्या सीटवरून गेटवर उतरायचे आणि वॉचमन मला कुणीतरी मोठी बाई समजून सलाम ठोकायचा. मीही तो घ्यायचे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, व्हर्नियर कॅलिपर असे. कारखाना पाइपांचा, त्यामुळे ते हत्यार असणं रास्तच. पण काका ते घरीही काढून ठेवत नसत. मराठी मंडळाच्या दिवाळीला लाडवांचं ताट पुढे आलं की पहिले तीन ते मोजायचे. "चौतीस, सदतीस, एकतीस. हा लॉट रिजेक्ट." मग ताट मांडीवर घेऊन सगळे स्वतःच खायचे. रिजेक्ट माल बाजारात जाऊ द्यायचा नसतो, हे त्यावरचं उत्तर. लाडू करणाऱ्या बाया आधी चिडायच्या, नंतर मुद्दाम एक-दोन वेडेवाकडे वळायला लागल्या.

स्वतःची रास मीन. आयुष्यात जे जे जमलं नाही त्याचं खापर त्यांनी या राशीवर फोडलं होतं. "दोन मासे असतात ना, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. माझा दोष नाही." दुधाचा करक चहा की बिनदुधाचा सुलेमानी, याचा निर्णय होईपर्यंत टपरीवाला दुसऱ्या चार गाड्यांना चहा देऊन यायचा. दुसऱ्यांच्या पाइपांना पास-नापास करण्यात सत्तावीस वर्षं गेली, आणि त्यात त्यांना कधी क्षणभरही थांबावं लागलं नाही. पण घरातला पडदा कोणत्या रंगाचा, हे विचारलं की घाम फुटायचा. पडदे, भाज्या, फ्लॅट, मुलाचं कॉलेज, सगळं काकूंनी ठरवलं.

काकू इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायच्या. काकांहून चार वर्षांनी लहान. आणि सगळी अडचण या चार वर्षांतच होती. कंपनी साठीनंतर कुणाला ठेवत नव्हती, म्हणजे काकांचा व्हिसा त्या वर्षी संपणार. काकूंचा व्हिसा शाळेचा, त्यांची नोकरी अजून चार वर्षं. मुलगा कॅनडात, त्याच्या शिक्षणाचं कर्ज अजून चालू, त्यामुळे काकूंनी नोकरी सोडण्याचा प्रश्न नव्हता. नवऱ्याला बायकोच्या व्हिसावर ठेवता येतं का, हे विचारून झालं होतं. त्यांच्या बाबतीत ते बसत नव्हतं. म्हणजे काकांनी पुण्याच्या फ्लॅटवर एकट्याने राहायचं आणि काकूंनी मस्कतला. ज्या माणसाला गॅस कोणत्या बाजूला फिरवायचा हे माहीत नव्हतं, त्याने चार वर्षं एकट्याने काढायची.

 काका मात्र गुंतवणुकीबद्दल बोलायला लागले.

"बीफमध्ये पैसा आहे," एका सकाळी बुर्ज अल सहवाच्या चौकात ते म्हणाले.

"काकूंना सांगितलंत?"

"काल सांगितलं. हातातला आमटीचा डाव खाली ठेवला तिने. म्हणाली, पुन्हा हा शब्द काढलात तर डाव खाली नाही ठेवणार." थोडा वेळ गाडी चालवून म्हणाले, "म्हणून मेंढ्या."

काका जन्मात अंड्यापलीकडे गेले नव्हते आणि अंडंही केकमधलंच. पण त्यांनी त्याचाही विचार केला होता. "आपण पाळणार. पुढचं घेणाऱ्याने बघायचं. आपण पाइप देतो, त्यातून पाणी जातं की सांडपाणी, हे विचारतो का?" मग त्यांनी मला ऑफिसात बोलावून एक्सेल दाखवली. दहा मेंढ्या. दर मेंढीला वर्षातून दोनदा जुळी. सगळी जुळी मादी. कुणी आजारी पडत नाही, कुणी मरत नाही, कुणी म्हातारं होत नाही. सातव्या वर्षी काका करोडपती होते आणि बाराव्या वर्षी ओमानमध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या. शेजारच्या रकान्यात लोकरीचं उत्पन्न.

"काका, इथे पन्नास डिग्रीत लोकर कोण घेणार?"

"एक्स्पोर्ट," ते म्हणाले.

मग त्यांनी आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं. गुंतवणूकदार म्हणून इथे राहायला परवानगी मिळते, असं त्यांनी वाचलं होतं. मीही वाचलं होतं, आणि त्यासाठी लागणारी रक्कम आम्हा दोघांच्या आयुष्यभराच्या पगारात बसत नव्हती. काका म्हणाले, सातव्या वर्षी बसते. मी म्हटलं, तुमचा व्हिसा आठ महिन्यांनी संपतोय, मधली सहा वर्षं कुठे राहणार? त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "तो कॉलम अजून भरायचा आहे," म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

या धंद्यात त्यांचे दोन सल्लागार. एक आमचा स्टोअरकीपर दाऊदभाई, मूळचा खेडकडचा. लहानपणापासून शेरडं राखलेला माणूस. काकांना बकरी आणि मेंढी यांतला फरक कळत नाही, हे पाहून तो हबकलाच.

"सायब, सोपं हाय. शेपूट वर ती बकरी, शेपूट खाली ती मेंढी."

"किती वर?" काकांनी विचारलं.

दुसरा सल्लागार सईद. हा कंपनीचा ओमानी पीआरओ. आमच्या सगळ्यांच्या व्हिसांचे कागद त्याच्या हातातून जायचे. सईदचा बरकाला खजुरांचा मळा होता, कोपऱ्यात जनावरांचा गोठाही होता. त्याचा जुना राखणदार गावी गेला तो परत आला नव्हता, त्यामुळे गोठ्यात जेमतेम पाच-सहा बकऱ्या उरल्या होत्या. सईद काकांना सदीक, म्हणजे मित्र, म्हणायचा आणि आखाती हिंदीत बोलायचा. "सदीक, दस लेके आओ. मेरा मज़रा में रखो. खाएगा, सोएगा, ईद में बेचेगा. माफी मुश्किल." मज़रा म्हणजे मळा, माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. बकरी ईदला तीन महिने होते. काकांनी दहाचं ठरवलं. दहा हा आकडा ठरवायला त्यांना पाच आठवडे लागले.

एका शुक्रवारी पहाटे आम्ही निझवाच्या बाजारात गेलो. काका, सईद आणि मी. माझं तिथे काही काम नव्हतं, पण ही मजा सोडवेना. गोल चौथऱ्याभोवती माणसं उकिडवी बसलेली आणि मधून विकणारे जनावरं ओढत धावतायत, किमती ओरडतायत. काकांनी पहिल्या पाच मिनिटांत तीन मेंढ्यांची शेपटं व्हर्नियरने मोजली. ओमानी मेंढीचं शेपूट चांगलं जाडजूड, चरबीचं. व्हर्नियरचा जबडा पुरेना. लोक खरेदी सोडून काकांकडे बघायला लागले. सईदने तोंड फिरवलं आणि म्हणाला, "मैं कहवा पीके आता है."

त्याच वेळी एक म्हातारा काकांजवळ आला. पायघोळ पांढरी दिश्दाशा, हातात काठी, दाढी मेंदी लावून लाल केलेली. इब्रीकडचा, जनावरांचा मोठा धनी. सईदने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की एक हिंदी साहेब येणार आहे, माल माझ्या मळ्यावर पोचवायचा. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून सलाम केला, काकांची विचारपूस केली, आणि मग विचारलं, "कम रास?"

काकांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वळले. "बघ. धंद्याआधी रास विचारतात. आपल्याकडे हे राहिलं नाही." आणि म्हाताऱ्याकडे वळून, ताठ उभं राहून म्हणाले, "मीन रास."

म्हाताऱ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मीत रास?"

"मीन रास."

"मीत?"

"मीन, मीन. उत्तराभाद्रपदा."

उत्तराभाद्रपदा म्हाताऱ्याला काहीतरी दुआ वाटली असावी. तो गंभीरपणे "इन्शाल्ला" म्हणाला. काकाही "इन्शाल्ला" म्हणाले. दोघांनी हातात हात घेऊन जोरात हलवले, म्हातारा "मब्रूक" म्हणून अभिनंदन करून मोकळा झाला आणि काकांनी बयाणा म्हणून खिशातल्या नोटा दिल्या. मी तिथेच उभी होते. एक बोकड माझ्या ओढणीचं टोक चघळत होता, त्याच्याशी माझी ओढाताण चालली होती, आणि काका इथेही राशी सांगत सुटले म्हणून मी पोट धरून हसत होते. आज ते हसणं आठवलं की स्वतःचा राग येतो, कारण एवढं अरबी मला तेव्हा येत होतं. रास म्हणजे डोकं. जनावरं तिथे डोक्यांवर मोजतात. कम रास म्हणजे किती नग. आणि मीत रास म्हणजे शंभर.

सईद परत आला. "खलास?" त्याने विचारलं. "खलास," काका म्हणाले. येताना गाडी त्यांनी ब्याऐंशीने चालवली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी काकांचा फोन वाजला. सईद मळ्यावरून बोलत होता आणि त्याचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता. "सदीक, तुम कितना बोला? इधर गाडी खतम नहीं होता."

आम्ही दाऊदभाईला घेऊन बरका गाठलं. तीन ट्रक रिकामे झाले होते, चौथा होत होता. गोठा भरून मेंढरं खजुरांच्या आळ्यांत शिरली होती. काही मेंढ्या, काही बकऱ्या. अरबीत दोन्हीला मिळून एकच शब्द आहे, त्यामुळे म्हाताऱ्याचंही चुकलं नव्हतं. एक बोकड सईदच्या गाडीच्या टपावर उभा होता. दाऊदभाईने एक नजर फिरवली आणि म्हणाला, "सायब, ही लोकर देणारी न्हाईत. पन माल एक नंबर हाय."

सईदने ट्रकांबरोबर आलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, म्हाताऱ्याने तीन बोटं वर केली. "ये बोलता है, तुम तीन बार बोला. मीत रास." तेव्हा माझी ट्यूब पेटली आणि मी काकांना समजावून सांगितलं. सांगताना मला रडू यायला लागलं.  म्हाताऱ्याने स्वतःचा माल कमी पडला म्हणून दोन मेहुण्यांचे गोठे रिकामे केले होते, ईदच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं होतं. सईदने त्याला सगळा घोळ सांगितला. त्याने ऐकून घेतलं, काठीवर हनुवटी टेकवली, आणि म्हणाला की न समजता दिलेला शब्द हा शब्द नव्हे, मी माल परत नेतो. रागाने नाही, अगदी सहज. आणि त्याने ट्रकवाल्याला हाक मारली.

काका तिथून मेंढरांत गेले. दहा मिनिटं ते वाकून काहीतरी मोजत होते. आम्ही तिघं-चौघं उन्हात उभे. सत्तावीस वर्षांची बचत एकीकडे, दुसरीकडे हा म्हातारा आणि त्याचे मेहुणे. आणि माणूस असा की ज्याला चहा ठरवता येत नाही. मला वाटलं, आता संध्याकाळ होणार.

ते परत आले. खिशात व्हर्नियर ठेवत म्हणाले, "माल चांगला आहे. ऑर्डर माझ्या तोंडची आहे. माल ऑर्डरप्रमाणे आलाय. मी कोणत्या कारणाने रिजेक्ट करू?"

"काका, पण तुम्हाला दहा हव्या होत्या," मी म्हटलं.

"ते माझ्या मनात होतं. मनातलं स्पेसिफिकेशन सप्लायरला लागू होत नाही."

मग त्यांनी काकूंना फोन लावला. "अगं, मेंढ्या आल्या. जरा जास्त झाल्यात... ठरल्यापेक्षा नव्वद जास्त... नाही, नऊ नाही. नव्वद... हो. सगळे पैसे जातील. पुण्याची ठेवसुद्धा मोडावी लागेल."  काका उन्हात फोन कानाला लावून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मग काकूंनी एकच विचारलं, ते त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. "मोजून घेतल्यात ना?"

 सईद एवढा वेळ गोठ्याच्या कठड्यावर बसून बोटांवर काहीतरी हिशोब करत होता. मला वाटलं, चाऱ्याचा असेल. त्याने सांगून टाकलं की निम्मी मेंढरं माझी, निम्मे पैसे मी देतो. आणि मग त्याने डोकं खाजवत विचारलं, "सदीक, तुम्हारा व्हिसा कब खलास?"

"ईदनंतर दोन महिन्यांनी."

"दस रास में मेरे को आदमी नहीं मिलेगा. पाँच-दस के लिए मिनिस्ट्री राई का व्हिसा नहीं देता. लेकिन इतना माल..." त्याने हात पसरून सगळा मळा दाखवला. "इतना माल के लिए देगा. मेरा पुराना राई गया. जगह खाली है."

"राईचा व्हिसा?" काकांनी मला मराठीत विचारलं. "मोहरी?"

"राई म्हणजे मेंढपाळ, काका."

काकांनी मेंढरांकडे पाहिलं, सईदकडे पाहिलं. त्या दिवशीचा दुसरा निर्णय त्यांनी तीन सेकंदांत घेतला. इतका झटपट, की सईदला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही, आणि त्याने तो पुन्हा विचारला.

ईदला निम्म्याहून जास्त माल गेला. दाऊदभाईने रुसैलपासून सोहारपर्यंतची कोकणी मंडळी गिऱ्हाईक म्हणून आणली. काका प्रत्येकाला जनावराचं वजन, शेपटाची जाडी आणि अंदाजे रास यांचा छापील कागद द्यायचे, सहीसकट. विकलेलं जनावर गाडीत चढवताना मात्र ते खजुरांच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. माद्या ठेवल्या, त्या पुढे व्यायल्या. पण जुळी फार नाही झाली आणि मरणं झाली. गवत महाग, पाणी महाग, औषध त्याहून महाग. पहिल्या वर्षाअखेर काकांनी एक्सेल उघडली तर खालचा आकडा लाल होता. थोडासाच, पण लाल. त्यांनी तो प्रामाणिकपणे काकूंपुढे ठेवला.

काकूंनी तो गणिताच्या बाईंच्या पद्धतीने तपासला. म्हणाल्या, यात तुम्ही पुण्याचा डबा धरला नाहीत, तिथला वीज-गॅस धरला नाहीत, वर्षातून तीन विमानाच्या फेऱ्या धरल्या नाहीत, आणि पुण्याला एकटे असताना तुम्ही कायकाय बिघडवलं असतंत, तेही नाही. ते सगळं त्यांनी खाली लिहून काढलं आणि वजा केलं. आकडा काळा झाला. मेंढ्यांत पैसा आहे की नाही, असं मंडळात कुणी विचारलं की काका अजून हाच कागद दाखवतात.

मी पुढे सोहारच्या एका कंपनीत गेले, त्यामुळे रोजची गाडी सुटली. सिंह राशीला सोहार मानवेल, असं सांगूनच त्यांनी मला निरोप दिला. काकांचं नवीन रहिवासी कार्ड मी तेव्हाच पाहिलं होतं. त्यावर व्यवसायाच्या रकान्यात अरबी आणि इंग्रजी, दोन्हींत मेंढपाळ. इंजिनिअरिंगची पदवी, सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि आता हे. फोटोत ते हसत होते. पूर्वीच्या कार्डावर कधी हसले नव्हते.

गेल्या वर्षी काकूंच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी मुद्दाम मस्कतला गेले होते. मध्यंतरात सगळ्या शिक्षिका नटूनथटून चहा घेत होत्या. कुणी बँकेत नवरा असलेली, कुणी तेल कंपनीत, आणि बऱ्याच जणींचे नवरे नोकऱ्या संपून भारतात गेलेले. त्या वेळ बघून फोन लावत होत्या. नव्याने आलेल्या एका बाईंनी काकूंना विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

काकूंनी चहाचा घोट घेतला. "मेंढपाळ आहेत," त्या म्हणाल्या. "रोज साडेसहाला घरी येतात."